सावंतांची वाचायची परवानगी

मी ऑफिसात नेमकं काय करते, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. मरोळ गावठाणात कुणी विचारलं की ती सांगायची, "आमची फिलोमिना मशीनच्या चाव्या सांभाळते." मी तेव्हा हसायचे. आता निवृत्त होऊन बसल्यावर वाटतं, माझ्या नोकरीचं याहून बरं वर्णन मलाही करता आलं नसतं.

ऐंशीचं दशक उताराला लागलं होतं. अंधेरी पूर्वेला आमची पंप बनवणारी कंपनी होती. एक कारखाना मुलुंडला आणि मुख्य कचेरी फोर्टात. मी टेलेक्सवर बसायचे. टेलेक्स म्हणजे सगळा उघड्यावरचा कारभार. खडखडाट करत कागद बाहेर यायचा आणि चहाचे कप गोळा करायला आलेला माणूससुद्धा मान वाकडी करून तो वाचून जायचा. मग कंपनीने एक मोठा कॉम्प्युटर घेतला, काचेच्या थंडगार खोलीत त्याची स्थापना केली आणि 'टेलेक्सवाल्या बाईला तारांतलं कळतं' या एकाच पात्रतेवर मला त्याच्यापाशी नेऊन बसवलं. साहेब लोकांच्या टेबलांवर टर्मिनलं, म्हणजे पडदे आणि कीबोर्ड, आली. आमचं मशीन टेलिफोनवरून मुलुंडच्या आणि फोर्टच्या मशीनला फोन लावायचं, दोघं एकमेकांवर किंचाळायची आणि पत्रांची देवाणघेवाण व्हायची. आज ज्याला सगळे ई-मेल म्हणतात ते हेच. आम्ही नुसतं मेल म्हणायचो, आणि तेही जरा ऐटीत.

आता चाव्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मशीनच्या पोटात प्रत्येकाच्या नावाची एक पेटी असते. आलेली सगळी पत्रं त्या पेटीत एकाखाली एक पडतात. प्रत्येक पेटीला तीन प्रकारची माणसं माहीत असतात: पेटीचा मालक, मालकाने मान्य केलेला गट आणि बाकी सगळं जग. या तिघांपैकी कुणी वाचायचं आणि कुणी लिहायचं, एवढंच ठरवायचं. चाळीतल्यासारखंच आहे. खोली माझी, चावी शेजारच्या वहिनींकडे, आणि बाकीच्यांनी दाराबाहेर उभं राहून हाक मारायची. आणि या सगळ्यांच्या वर एक असतो, ज्याला कुठलंच कुलूप लागू नाही. तो म्हणजे मशीन सांभाळणारा. आमच्याकडे ती मी होते. कुणाचीही पेटी मला उघडता यायची. मी उघडत नसे, पण हे सांगूनही कुणाला खरं वाटत नसे.

या परवानग्यांनी गमतीही पुष्कळ झाल्या. हिशेब खात्यातल्या लेल्यांना आपली पत्रं कुणीतरी चोरून वाचतं असा कायमचा संशय. एकदा ते माझ्याकडून परवानग्या बदलायची आज्ञा शिकून गेले आणि घरी जाण्याआधी त्यांनी सगळ्यांची वाचायची परवानगी बंद केली. सगळ्यांची म्हणजे स्वतःचीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काचेवर टकटक करून ओरडायला लागले, "बाई, माझी पेटी कुणीतरी लॉक केली! मी म्हणालो नव्हतो?" कुणी केली ते मी सांगितल्यावर म्हणाले, "मग मशीनने मला विचारायला नको, की लेले, तुम्ही शुद्धीवर आहात का?" विक्री विभागातल्या एका साहेबांनी तर आपला पासवर्ड कागदावर लिहून टर्मिनललाच चिकटवला होता. का, तर आपण रजेवर असलो तर हाताखालच्या पोरांची अडचण नको. पोरांनी त्यांच्या नावाने कॅन्टीनच्या बटाटावड्याची लेखी तक्रार थेट फोर्टला पाठवली. तिची चौकशीही झाली.

पण माझ्या मनात जे रुतून बसलंय ते सावंतकाकांचं. बाकीचं हसून सोडून देता येतं.

सावंत आमचे आवक कारकून. ऑफिसात शिरल्यावर पहिलं टेबल त्यांचं. कंपनीत येणारा प्रत्येक लिफाफा त्यांच्या हातून उघडायचा. ब्लेडने कड कापायची, पत्र वाचायचं, वर आवकचा शिक्का मारायचा आणि ज्याचं त्याच्याकडे पाठवायचं. सरकारी नोटीस असो, कुणाच्या बदलीचा हुकूम असो, नाहीतर लिफाफ्यावर लाल शाईत 'गोपनीय' लिहिलेलं असो, उघडायचे ते सावंतच. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण तेव्हाच्या कचेऱ्यांमधून हीच रीत होती. आणि सावंतांच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत नसे. ज्याच्याबरोबर रोज डबा खायचे त्याच्या निलंबनाचा कागद त्यांनी एकदा सकाळी उघडला होता आणि दुपारी त्याच्याच डब्यातलं सुकं खात त्याच्याशी क्रिकेटवर बोलत बसले होते. नंतर त्या माणसाने विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी पत्र उघडतो, तोंड नाही." तो माणूस त्यांच्याशी बरेच दिवस बोलला नाही, पण डब्याला त्यांच्याचकडे बसायचा.

मेल आली तेव्हा आमचे जनरल मॅनेजर बर्वेसाहेब टर्मिनलकडे बघून म्हणाले, "हे टायपिस्टचं काम मी करणार नाही. आवक सावंतांकडे असते. हीसुद्धा आवकच आहे. ते सकाळी माझी डाक उघडतील, छापून घेतील, टेबलावर लावून ठेवतील."

मी म्हटलं, "साहेब, कागदाची गोष्ट वेगळी. एखादं पाकीट तुम्ही स्वतःच्या हाताने उघडेन म्हणू शकता. इथे पाकिटं नाहीत. पेटी उघडली की आतलं सगळं दिसतं. एक दाखवायचं आणि एक झाकायचं, असं या मशीनला जमत नाही."

"अगं, गोपनीय पाकिटंही सावंतच उघडतात. ते आणि मी वेगळे आहोत का?"

सावंत दारात उभे होते. त्यांना ते ऐकून इतकं बरं वाटलं की चेहरा लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी 'आवक' नावाचा गट केला, त्यात त्यांचं एकट्याचं नाव घातलं आणि साहेबांच्या पेटीवर त्या गटाला वाचायची परवानगी दिली. फोर्टात बसलेल्या कंपनीच्या मालकांना यातलं काही माहीत नव्हतं. आपण बर्व्यांना लिहितो ते बर्वेच वाचतात, अशी त्यांची समजूत.

सावंत पडद्यावर वाचायला पटकन शिकले. रोज सकाळी माझ्या खोलीबाहेर चपला काढून आत यायचे, हात जोडून मशीनला नमस्कार करायचे आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "काय फिलू, रात्री देव जागो होतो काय?" म्हणजे फोन लागला का. त्यांचं गाव मालवणच्या बाजूला. ऑफिसात सगळ्यांशी ते मुंबईचं मराठी बोलायचे. मालवणी यायची ती थट्टेत किंवा त्रासात.

त्यांचा धाकटा भाऊ वसंत आमच्याच मुलुंडच्या कारखान्यात लेथवर टर्नर होता. वडील लवकर गेले, तेव्हा सावंतांनीच त्याला गावाहून आणलं, शाळेत घातलं, आयटीआय करवलं आणि साहेबांकडे शब्द टाकून कामाला लावलं. भांडुपला एकाच चाळीत दोघांच्या शेजारी-शेजारी खोल्या होत्या. दोन्ही घरच्या बायका एकाच पाट्यावर वाटण वाटायच्या. सावंतांच्या बोलण्यात स्वतःच्या मुलांपेक्षा वसंतच जास्त यायचा.

गणपती झाल्यानंतरची गोष्ट. एका दुपारी, ऑफिस जेवायला गेलेलं असताना, सावंत माझ्याकडे आले आणि मशीनला नमस्कार न करताच स्टुलावर बसले.

"वसंताक नाशकाची नोकरी इली हा," ते म्हणाले.

"अरे वा! पेढे कुठायत?"

"तो नको म्हणताहा."

मग हळूहळू सगळं सांगितलं. नाशिकला नवा कारखाना निघाला होता. वसंतचा जुना मुकादम तिकडे गेला होता आणि त्याने वसंतसाठी जागा धरून ठेवली होती. पण उत्तर लगेच हवं होतं. वसंतला वाटत होतं, मुलुंडची नोकरी कायमची आहे, पोरांच्या शाळा इथे, दादा इथे, मग उगाच नाशिकला कशाला मरायचं? तरी रीत म्हणून त्याने दादाला विचारलं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"जा म्हटलं."

"मग झालं की."

"कारण विचारलं त्याने. मी म्हटलं, कारण नाही, जा. चांगली नोकरी आहे. तो परत म्हणाला, दादा, असं अचानक का? मी परत तेच. तेव्हा त्याची बायको आतून बोलली, दादांच्या मोठ्याचं लग्न ठरतंय ना, त्यांना आपली खोली हवी असेल." सावंतांनी चष्मा काढून हातात घेतला. "वसंत तिच्यावर ओरडला. पण माझ्याकडे बघितलं नाही त्याने. मग मी काय बोलणार? आणखी दोनदा जा म्हटलं असतं, तर ते खरंच ठरलं असतं."

मुंबईत एका खोलीपायी सख्ख्या भावांची तोंडं फिरतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या गावठाणातही तेच. पण मला कळेना की सावंत त्याला एवढं का घालवायला बघतायत. आणि मग कळलं. साहेबांच्या पेटीत काहीतरी आलं होतं. मुलुंडचं काहीतरी. सावंतांनी एक अक्षर सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला विचारायची गरजही नव्हती, माझ्या हाताखालीच ती पेटी होती. मी ती उघडली नाही. सावंतांकडे बघून मला पुरेसं समजलं होतं.

ते स्टुलावरून थोडे पुढे सरकले. मग म्हणाले, "फिलू, एक विचारतंय, रागावू नको. असा होऊ शकता काय गो, चुकान एखादा पत्र मुलुंडातल्या सगळ्यांका दिसात?"

होऊ शकत होतं. साहेबांच्या पेटीवर 'बाकी सगळं जग' या तिसऱ्या माणसाला वाचायची परवानगी द्यायची. एक ओळ टाइप करायची, बस; अंधेरीतल्या कुणालाही ते पत्र वाचता आलं असतं. लेल्यांनी स्वतःला कोंडून घेतलं तसं कुणीतरी चुकून हे उघडं ठेवलं, असं म्हणता आलं असतं. त्या दिवसांत असल्या चुका रोज होत होत्या आणि मशीनला शिव्या घालून सगळे मोकळे व्हायचे. मुलुंडच्या सुपरवायझरच्या पेटीत त्याची प्रत पडली असती, तरी संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारखान्याला कळलं असतं.

मी उत्तर द्यायच्या आतच ते उठले. "नको. मी काय विचारूक नाय, असा समज." दारापर्यंत गेले आणि परत आले. "माझी ती परवानगी काढ. माका आता ता वाचूचाच नाय."

"साहेबांना काय सांगू?"

"डोळे गेले म्हणून सांग. पडद्यावरच्या त्या हिरव्या अक्षरांनी डोकं दुखतं म्हणून सांग. तसं दुखतंच."

साहेबांनी फार विचारलं नाही. म्हणाले, "वय झालं सावंतांचं," आणि छापून घ्यायचं काम आपल्या टायपिस्टकडे दिलं. मी सावंतांचं नाव 'आवक' गटातून काढलं. सावंत शेजारी उभं राहून बघत होते. "झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झालं. आता उघडायला गेलात तर मशीन परवानगी नाही म्हणेल." त्यांनी मान हलवली. मला त्यांच्याकडे बघवेना. मशीनला काय, नाव काढलं की संपलं. वाचून बसलेल्या माणसाचं काय करायचं, याची आज्ञा कुठल्याच पुस्तकात नव्हती.

वसंतने नाशिकला नकार कळवला. सावंतांना त्याने ते पेढे देऊनच सांगितलं, म्हणे. दादाला सोडून जात नाही, याचे पेढे.

दिवाळीनंतर मुलुंडच्या फाटकावर नोटीस लागली. कारखाना बंद. युनियन भांडली, फाटकासमोर मंडप पडला, कोर्ट झालं, आणि यातलं काहीही झालं तरी यंत्रं फिरली नाहीत. वसंतने नाशिकच्या मुकादमाला फोन केला, तर ती जागा कधीच भरली होती. त्यात आणखी एक त्रास सुरू झाला. मुलुंडची माणसं वसंतला विचारू लागली, "तुझा भाऊ साहेबाची डाक वाचतो. तुला आधीपासून माहीत होतं ना?" मंडपात त्याच्या शेजारी बसायला माणसं कां-कू करायला लागली. ज्याला काहीच कळू दिलं नव्हतं, त्याच्यावर सगळं ठाऊक असल्याचा आळ आला.

यानंतर काही दिवसांनी वसंत अंधेरीला आला. सावंत त्या दिवशी रजेवर होते. तो ते बघूनच आला असावा. मी त्याला ओळखत होते. कंपनीच्या वार्षिक पूजेला भेटायचा, दादाच्या मागे-मागे असायचा. दाढी वाढली होती. काचेच्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत यायला तयार होईना.

"मॅडम, एक साधं विचारायचंय. दादाला साहेबाची पेटी वाचता येते का?"

माझा हात आपोआप कीबोर्डवर गेला. ती यादी मी त्याला पडद्यावर दाखवू शकत होते. गटात एकच नाव होतं, टायपिस्टचं. बघ बाबा, यात सावंत कुठे आहेत? आणि ते खरं होतं. मशीनला आज काय आहे तेवढंच माहीत असतं, काल कोण होतं हे ते सांगत नाही. पण मला वाटलं, हा माणूस नोकरी घालवून आलाय. याच्याभोवती सगळ्यांनी गुपितं ठेवली. आता निदान मी तरी याच्याशी सरळ बोलावं. तेव्हा मला तो माझा प्रामाणिकपणा वाटला.

"आता येत नाही," मी म्हटलं. "पण तेव्हा येत होतं. गणपतीनंतर त्यांनी स्वतःच नाव काढायला लावलं. त्यांना ते सहन होत नव्हतं, वसंत. तुला जा म्हणत होते ते त्यासाठीच. खोलीसाठी नाही."

त्याला धक्का बसेल, राग येईल, असं मला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

"ते माहितीय मला," तो म्हणाला. "दादाने स्वतःच सांगितलं. परवा माझ्यासमोर बसून सगळं बोलला, रडला. मी वाचलं होतं, तुला सांगितलं नाही म्हणाला."

"मग मला का विचारायला आलास?"

त्याने दाराची चौकट धरली होती. "दादा सगळं स्वतःवर घेतो ना. लहानपणापासून. गावात मी काच फोडली तरी हाच मार खायचा. मला वाटलं, आताही तसंच करतोय. त्याला ते पत्र दिसतच नसेल आणि उगाच म्हणतोय वाचलं म्हणून. तुम्ही मशीनवर बघून सांगाल, नाही, त्याला नाही वाचता येत. मग मी घरी जाऊन त्याला शिव्या घातल्या असत्या आणि संपलं असतं." त्याने चौकट सोडली. "मला वाटलं होतं, तुम्ही तरी नाही म्हणाल."

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. वर्षभरात त्याने भांडुपची खोली विकली आणि तो गावाला निघून गेला. सावंत निवृत्त होईपर्यंत आवकच्या टेबलावर होते, लिफाफे उघडत होते, शिक्के मारत होते. माझ्याशी नीट बोलायचे, पण वसंतचं नाव मी काढलं की टेबलावर काहीतरी शोधायला लागायचे. वसंत माझ्याकडे येऊन गेला होता, हे त्यांना कळलं होतं की नाही, हे मी कधी विचारू शकले नाही.

पुढे मशीनं बदलली, मी मोठ्या पदावर गेले. कुणाला काय दिसावं आणि काय दिसू नये, हे ठरवण्याचाच मी जन्मभर पगार घेतला आणि त्या कामात कुणी माझी चूक काढली नाही. पण कुणी कौतुक केलं की मला दारात उभा असलेला वसंत दिसतो आणि जीव तळमळतो. तो एवढ्या लांबून येऊन 'नाही' या एका शब्दासाठी उभा होता. आणि त्या शब्दासाठी मला खोटं बोलायलासुद्धा लागणार नव्हतं. यादीत सावंतांचं नाव नव्हतंच.